अरुंद गळा

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी महिनाभर दार लावून स्वेटर विणलाय. आपल्या गोष्टीतल्या ठमीने तेच केलं होतं. "दोघांना मिळून एकच भेट आहे हं," असं म्हणत तिने तो बाबांच्या डोक्यातून घातला आणि बाबा गळ्यातच अडकले. हात वर, तोंड लोकरीत.

"अगं, ओढा ना कुणीतरी!"

आईने हात पुढे केला आणि ती थांबली. बारा वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस तिचं बोलणं अर्ध्यावर टाकून पळू शकत नव्हता.

"अहो, मला गाडी शिकायचीय. शिकवणार का?"

"आत्ता? इथे जीव गुदमरतोय माझा!"

"बोलताय की छान! दर वेळी 'बघू' म्हणता आणि बाल्कनी गाठता. आज बघा बरं, कसं बघता ते."

"शिकवतो, बाई! उद्यापासून! सकाळी सहाला!"



तेव्हा कुठे ठमीने, गळा विणताना मुद्दाम गाठ न मारता ठेवलेलं लोकरीचं टोक ओढलं आणि तो घट्ट गळा सरसर उसवत गेला.