गाडी डेपोबाहेर काढताना

स्नेहल ओट्यावर आली आणि तिला स्वतःचीच मोटरसायकल ओळखू येईना.

काल संध्याकाळभर खपून तिने ती रानवाटेसाठी तयार केली होती. आरसे काढले, पडल्यावर फुटायला नकोत म्हणून. साडीगार्ड काढलं, कारण बोरीबाभळीत साडी नेसून कोण जाणार? इंजिनाला दगड लागू नये म्हणून खाली जाड पत्रा बसवला. दोन्ही चाकांतली हवा बरीचशी सोडली, कारण मऊ चाक दगडाला धरून चालतं आणि टणक चाक उडतं. आता बघते तर आरसे जागेवर, साडीगार्ड जागेवर, चाकं टम्म, आणि सीट खोबरेल तेल चोपडून अशी चमकवलेली की पहिल्याच चढावर बसणारा मागच्या मागे घसरावा.

गाडीपलीकडून तिचे पप्पा, रविंद्र, उठून उभे राहिले. हातात पाना, बनियन घामाने चिंब. पिंप्राळ्यातल्या त्या छोट्या अंगणात ही गाडी आली तेव्हापासून त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बोट लावणं तर लांबच. पोरीने डोंगरात गाडी पाडून हातपाय मोडून घ्यावेत, यात त्यांना काही शहाणपण दिसत नव्हतं. स्नेहलला त्यांची परवानगी नको होती, ती कमावती होती. पण पप्पांनी एकदा गाडीजवळ यावं, एवढं मात्र तिला फार वाटायचं. आज ती पहिल्यांदा टेकड्यांत जाणार होती, आणि पप्पा पाठ फिरवून घरात बसलेले असताना तिला निघायचं नव्हतं.

दारातून आई, लिलाबाई, हळूच म्हणाली, "पहाटपाईन लागेल शे तुना बाप. माले चहा बी ठेऊ दिधा नही."

"पप्पा," स्नेहल बोलायला गेली, "हे सगळं मी मुद्दाम..."

"दोन्ही चाकस्नी हवा बठ्ठी गयेल व्हती," रविंद्र मध्येच म्हणाले. "तुना ध्यानमा बी नही. शेजारना भटूकडला पायपंप आना, भरी टाकी."

पायपंप. आणि गुडघा तर त्यांचा कधीचाच कामातून गेलेला. अख्खी नोकरी एस.टी.च्या स्टिअरिंगमागे काढलेली, जळगाव-धुळे, धुळे-जळगाव. क्लचने तो गुडघा खाल्ला होता. तेवढ्या वर्षांत गाडीभोवती फेरी मारल्याशिवाय, चाकांवर लोखंडी दांडी वाजवून आवाज ऐकल्याशिवाय आणि आरसे लावून घेतल्याशिवाय त्यांनी बस डेपोबाहेर काढली नाही. या घरात गाडीला लिंबू-मिरची कोणी बांधत नाही. रविंद्र यांचा विश्वास हवेवर आणि ब्रेकवर.

आताही त्यांनी पान्याने पुढचं चाक वाजवलं. मग मागचं. कान देऊन ऐकलं. स्नेहलच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच विरघळलं. चुकीचं का होईना, हे सगळं तिच्यासाठी होतं, आणि इतकं कोणी कधी केलं होतं तिच्यासाठी?

"बस," ते म्हणाले.

ती बसली, आणि तेलावरून जराशी घसरली. त्यांनी उजवा आरसा धरून इकडे तिकडे फिरवला.

"मांगलं दिसस का?"

"दिसतं."

"काय दिसस?"

"आई. आणि दार."

"हां. मंग जाय." खिशातून त्यांनी एक फडकं काढलं आणि तिच्या हातात कोंबलं. जुन्या खाकी शर्टाचं होतं, धुऊन घडी घातलेलं. "काच पुसाले."

"पप्पा, गाडी फार छान केलीत," स्नेहल म्हणाली. ते खरं होतं. रविंद्र लगेच पाना पुसायला लागले.

तिने गाडी काढली. गल्लीच्या टोकापर्यंत ती समोर कमी आणि आरशातच जास्त बघत होती. दारात आई होती. तिच्या पुढे, रस्त्यावर येऊन, पप्पा उभे होते. ते एक हात वर करून, कंडक्टर गाडी सोडतो तसा, हलवत होते. ती वळेपर्यंत तो हात खाली आला नाही.

मेहरूण तलावाजवळ बाकीची मंडळी थांबली होती. लीलाधर सगळ्यांना घेऊन जाणारा, जुना डोंगर-फिरस्ता. त्याने साडीगार्ड पाहिलं आणि हसून हसून तो खालीच बसला.

"ताई, लगीनले जाई ऱ्हायनी का?"

स्नेहलही हसली. वाईट वाटून घ्यायला आज तिच्याकडे जागाच नव्हती. तिने साडीगार्ड सोडवून कडेला ठेवलं, डावा आरसाही. सीटवर मूठभर माती चोळली. चाकांतली हवा सूं करून सोडायला लागली आणि मध्येच थांबली, ती हवा कुणाच्या गुडघ्याची होती ते आठवून. मग उरलेलीही सोडली.

शेवटी उजव्या आरशाशी आली आणि नुसतीच उभी राहिली.

"काढ ना तो बी," लीलाधर म्हणाला. "रानमा मांगे काय देखनं शे तुले?"

"देखायचं ते देखून झालं," स्नेहल म्हणाली. तिने आरसा सोडवला, खाकी फडक्यात नीट गुंडाळला आणि सॅकमध्ये आईच्या कळण्याच्या भाकरीवर ठेवला.