अंगणात मावेल ती गाडी

बोंबलाला असं कडक ऊन मिळायचे दिवस थोडेच, आणि नेमक्या त्याच दिवसांत नविनने आईला, नवशीला, अंगणातल्या वाळवणाच्या काठ्या उपटायला लावल्या. का, तर त्याला जागा मोजायची होती. छोटी आगगाडी मांडायला. मुलं शाळेत, बायको कामावर, आणि खरी मालगाडी चालवणारा हा बाप्या घरात खेळणं मांडणार! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर नवशीने पार मासळी बाजारापर्यंत ऐकू जाईल असा त्याचा उद्धार केला असता. पण हल्ली ती या मुलाशी तोंड सांभाळून बोलत होती. "मुडद्या" हा तिचा सकाळ-संध्याकाळचा शब्द. तो तिने तोंडातून काढूनच टाकला होता.

वाणगावच्या अलीकडे नविनच्या गाडीखाली एक बाई आली होती. हे तिला गावाने सांगितलं. तो स्वतः घरी आला, जेवला, झोपला, बोलला काहीच नाही. डॉक्टरने रजा दिली आणि मन कशात तरी रमवा म्हणाला. तेव्हापासून नविन घराबाहेर पडला की नवशी काहीतरी निमित्त काढून मागोमाग जाई. पोरगा आपल्या जिवाचं काही करून घेईल, ही भीती तिने सुनेला, भाविनीलाही सांगितली नव्हती. बोलून दाखवलं तर खरं होईल, असं तिला वाटे. अंगणाच्या टोकाला कठडा ढासळलेली जुनी विहीर होती. तिच्यावर तिने फाटकं जाळं टाकून ठेवलं होतं. भाविनीने विचारलं तेव्हा म्हणाली, "मांजर पडतं."

म्हणून आज नविनने "आये, लांब दोरी आहे का गं?" असं विचारलं, तेव्हा ती हातातली काठी टाकून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कशाला?"

"मोजायला."

"मग सुतळी घे. दोरी कशाला हवी? आणि एक टोक मी धरते."

त्याने खिशातून पुठ्ठा काढला. त्यावर तीन बाहुल्या चिकटवलेल्या होत्या. एक तांदळाएवढी, एक चिंचोक्याएवढी, एक बोटाच्या दोन पेरांएवढी.

"आधी माप ठरवावं लागतं, आये. माणसं याच मापाची, डबे याच मापाचे, रूळ याच मापाचे. एकदा घेतलं की बदलता येत नाय."

"आणि ही सुतळी म्हणजे रूळ?"

"नाय. ब्रेक लावल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत जेवढी जागा लागते, ती."

नवशीने सुतळीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ओटीच्या पायरीवर बसली. तांदळाएवढ्या बाहुलीच्या मापाची पहिली सुतळी अंगणाच्या पाव हिश्श्यात संपली.

"हे मावतं," तो म्हणाला. "पण यात काही कळत नाय. शिट्टी दिली तिथून ब्रेक लावला तिथवर वीतभरच भरतं."

त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. तिने मान वर केली नाही. आपण बघितलं तर तो गप्प होईल, असं तिला वाटलं.

"आधी शिट्टी दिलीस?"

"वाटलं, बाजूला होईल. बरीच लांब होती. मग ब्रेक लावला." तो थांबला. "आधीच ब्रेक लावला असता तर? मोठ्या मापात ते नीट बघता येईल. पण मोठी गाडी आपल्या अंगणात उभीच राहत नाय बहुतेक."

त्याने मोठी बाहुली जमिनीत रोवली आणि सुतळी सोडत मागे मागे निघाला. डोळे सुतळीवर, ओठ हलत होते. काठ्यांचे खड्डे मागे पडले. शेवग्याचं झाड मागे पडलं. तरी तो चाललाच होता, मागे न बघता. याच अंगणात तो रांगायला शिकला होता. विहीर कुठे आहे ते त्याला बघावं लागत नव्हतं. नवशीला भीती वाटली ती याचीच: हा चुकून तिकडे जात नसेल तर?

"नविन!"

तो थबकला. टाच जाळ्यात अडकली होती. कठड्याचा एक दगड आत गेला आणि पाण्याचा आवाज जरा उशिरानेच वर आला.

नवशी उठली. सुतळी तशीच हातात, गुडघे दुखतायत की नाही याचंही भान नाही. तिने त्याचं बखोट धरून त्याला शेवग्याखाली ओढत आणलं, आणि आणल्यावरही सोडलं नाही.

"लक्षच नव्हतं, आये," तो म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. बाजारात गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत खोटं बोलणार की खरं, हे तिला कळे. या तोंडावरून तिला काही कळेना.

"मोठंच माप घे," ती म्हणाली. "जागा मी करीन. पण ते शिट्टीचं परत मोजायचं नाय. आता सुतळी माझ्या हातात होती. ओढायचं सुचलं नाय, धावायचं सुचलं नाय. आधी तोंडातून हाकच गेली. तू पण शिट्टी देऊन त्या बाईला हाकच मारलीस, नविन. समोर माणूस दिसल्यावर माणूस दुसरं काय करतं?"