तलावावरचा तवंग

"आज पुन्हा तवंग आहे तलावावर," शेजारच्या शॉवरखाली एक बाई पुटपुटली. दोघींचे डोळे आले होते, तिघींना खाज सुटली होती. पाणी असंच राहिलं तर बायकांची बॅच बंद, असं प्रशिक्षकांनी बजावलं होतं. माझ्या गुडघ्यांना दिवसातला तेवढाच एक तास सुखाचा.

म्हणून चौकशी मीच हाती घेतली. कोण आंघोळ न करता उतरतं, कोण पावडर फासून येतं, एकेकीला फैलावर घेतलं. बायका नुसत्या माना डोलवत माझ्या पोहण्याच्या टोपीकडे बघत राहिल्या.

शेवटी सत्तरीच्या शकूताईंनी टॉवेल खांद्यावर टाकला. "अगं, तुझ्याच टोपीतून खोबरेल ओघळतंय. रोजचंच आहे. पण तू मेथीचे लाडू आणतेस ना, म्हणून कुणी बोलेना."