तोंडदेखली शपथ

पोरसवदा राजा वारला, त्याची जुन्या पंथाची थोरली बहीण गादीवर आली आणि पाद्र्यांनी बायका सोडाव्यात असा हुकूम निघाला.

"नुसती तोंडदेखली शपथ गं, थॉमसिन," माझा पाद्री नवरा रडत म्हणाला. "दिवस पालटले की न्यायला येतो." मग भर चर्चमध्ये बायबलवर हात ठेवून म्हणाला, "ही माझी बायको कधी नव्हतीच."

मी गावाबाहेर बिअर करून विकू लागले.

आता ती राणीही मेली. तिच्यामागून गादीवर आलेल्या धाकट्या बहिणीने पाद्र्यांना पुन्हा लग्नाची मुभा दिली आणि तो खरंच दारात आला. मी लगबगीने बोचकं बांधायला घेतलं.

"कुठं निघालीस? मी लग्नाची बिअर सांगायला आलोय. गिरणीवाल्याच्या मुलीशी ठरलंय माझं."

"आणि मी?"

"बायबलवर घेतलेली शपथ पाद्र्यानंच मोडायची होय?"