अडीचची शिकवणी

बेल वाजली तेव्हा पावणेतीन झाले होते, आणि दुबईच्या करामा भागात पावणेतीनला कोणी कोणाची बेल वाजवत नसे. अठ्ठ्याण्णव सालचं करामा ते. एक वाजला की खाली अलीमियाँच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर यायचं, शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबायचं आणि चार वाजेपर्यंत सगळी गल्ली बिनघोर घोरायची. आता मॉल आले, ती दुपार गेली. पण तेव्हाही अशा दुपारी जागी असायची ती दहावीची पोरं, आणि त्यांना शिकवणाऱ्या वासंतीबाई.

दारात केयाची आई उभी होती, सुजाता. क्लिनिकच्या रिसेप्शनचा निळा कोट अजून अंगावर, हातात केयाची गणिताची वही आणि प्रगतिपुस्तक.

"सॉरी हं मॅडम, भलत्या वेळी आले. चारला परत ड्यूटी आहे, म्हटलं आत्ताच जाऊन यावं." चपला काढता काढता तिनं वही उघडली. "दोन महिने झाले, दर शनिवारी नि बुधवारी शिकवणीला येते. पानं भरलीत अकरा. आणि मार्क्स एक्क्याण्णववरून शहाऐंशीवर. पंच्याऐंशीच्या खाली गेली की ए सेक्शनमधून काढतात. त्यांच्या शाळेचं माहितीये ना तुम्हाला?"

न माहीत असायला काय झालं? त्या शाळेच्या गेटावर शंभर टक्के निकालाचा बोर्ड बारा महिने तेरा काळ लटकलेला. दर परीक्षेनंतर वर्गातली बाकंसुद्धा रँकप्रमाणे बदलायची. अर्ध्या दुबईतल्या आया मुलांना तिथे घालायला जिवाचं रान करत.

"कुठाय ती?" सुजातानं विचारलं. हॉलमधल्या टेबलाशी खुर्ची रिकामी होती.

आता लपवण्यात काही हशील नव्हतं. वासंतीबाईंनी आतल्या खोलीचं दार हळूच लोटलं. केया गालिच्यावर झोपली होती. टाय सोडून उशाशी ठेवलेला, अंगावर वासंतीबाईंची जुनी सुती साडी, तोंड किंचित उघडं.

सुजाता आधी बघतच राहिली. मग तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी हिला इथे झोपायला पाठवते?"

"चाळीस मिनिटं झोपते. उरलेली वीस मिनिटं गणित करतो." वासंतीबाई मान खाली घालून म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी हातात पेन धरून झोपली. उठवायला गेले, तर म्हणाली, 'आंटी, जस्ट फाइव्ह मिनिट्स.' मला नाही उठवता आलं. ते पाच मार्क माझ्यामुळे गेलेत, सुजाता. चूक माझीच आहे."

खरंच लाज वाटत होती त्यांना. वीस वर्षं गणित शिकवलेली बाई, आणि पोरीला पांघरूण घालून बसते! पण चिपळूणला त्यांची आई जेवणं झाली की खिडक्या ओढून घ्यायची आणि पाचही भावंडांना ओळीनं आडवं करायची. उद्या पेपर असला तरी. "पेपर काही पळून जात नाही," म्हणायची. तशी दुपारची झोप वासंतीबाईंना पुन्हा कधी लागली नाही, आणि केयाला बघितलं की त्यांना तीच आठवायची. हे सुजाताला कोणत्या तोंडानं सांगणार? वासंतीबाईंचा जन्मात कधी पहिला नंबर आला नव्हता.

"शनिवारपासून दुसरीकडे घालते हिला," म्हणत सुजाता आत गेली. "यल्ला, चल केया, ऊठ." पण आवाज तिचा तिलाच ऐकू आला नसेल इतका खाली गेला होता. तिनं वाकून केयाच्या खांद्याकडे हात नेला आणि तो तसाच राहिला.

"दात खात नाहीये," ती म्हणाली.

"काय?"

"घरी झोपेत करकर दात खाते. वर्ष झालं. भिंतीपलीकडे ऐकू येतं. हिचे बाबा म्हणतात जंत असतील, दोनदा औषध दिलं." तिनं मागे वळून बघितलं. "इथे खाते?"

"कधीच नाही."

सुजाता तिथेच गालिच्यावर बसली. खिडकीतला एसी घरघरत होता. त्याखाली केयाचा श्वास ऐकू येतो का, म्हणून ती कान देऊन बसली. केयानं कूस बदलली, साडी हनुवटीपर्यंत ओढली आणि पुन्हा गाढ झोपून गेली. सुजाताचे डोळे भरून आले.

"दुपारची झोपलेली हिच्या बाबांना चालणार नाही," ती हलकेच म्हणाली. "आणि खरं सांगू? मलाही बघवणार नाही. बाकीच्या मुली आत्ता अभ्यास करत असतील, एवढंच डोक्यात येईल. मीच हलवून उठवीन."

वासंतीबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "अजून दहा मिनिटांनी उठवायची वेळ होईल. गणितासाठी."

"आज राहू दे."

दाराशी येऊन सुजातानं चपला पायात सरकवल्या. वही आणि प्रगतिपुस्तक काखेत मारलं. मग जराशी थांबली.

"ए सेक्शन गेला तर?"

"जाईलही," वासंतीबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

सुजातानं मान हलवली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि वळली.

"मॅडम, सोमवारीही पाठवू का तिला? घरी सांगेन, गणित फारच कच्चं आहे म्हणून."