तीच जागा

"काका, बायकोच्या फोनमध्ये तुम्ही टाकून दिलेलं अ‍ॅप बिघडलंय!" तो फोनवर खेकसला. "सकाळपासून सारखी तीच ती जागा दाखवतंय. तुमचं दुकान!"

मोबाइल दुरुस्तीवाल्या काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"अ‍ॅप ठणठणीत आहे. तुमच्या मिसेस इथेच बसल्यात, काच बदलायला. गर्दी आहे, वेळ लागेल."

"नजर ठेवा. एकटीला कुठे हलू देऊ नका."

"छे, कुठे जातायत!"

काकांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. 'सावकाश करा' म्हणत तिने दिलेल्या फोनच्या काचेवर साधा ओरखडाही नव्हता. भरलेली बॅग उचलून ती सकाळीच निघून गेली होती.

तिच्या फोनची बॅटरी संपत आली होती.



काकांनी तो चार्जिंगला लावला.