माडीवरचे मोजे

फागूनं माडीच्या सागवानी फळ्यांना जवसाचं तेल पाजून अशी चमक आणली होती, की त्यांवर पाय ठेवायला लीलाबाईचा जीव धजत नसे. पण रोज दुपारी भुऱ्या कुत्रा वर झोपायला जायचा आणि फळ्यांवर नखांचे नवे ओरखडे दिसायचे.

"उद्यापासून त्याले बाहेर बांधतो," तिचा नवरा फागू म्हणाला.

"बाहेर बिबट येते. माह्या लेकराले कायले बाहेर ठेवता?"

जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून तिनं भुऱ्याला चार मोजे शिवले. ते घालून तो शहाण्यासारखा चालू लागला. ओरखडे मात्र थांबले नाहीत.

एका दुपारी ती अंगणात तांदूळ पाखडत होती. भुऱ्या मोजे घालून तिच्या पायाशी घोरत होता, आणि माडीवर नखं वाजत होती. जिन्यापर्यंत यायची, थांबायची, परत फिरायची. भुऱ्यानं डोळे न उघडताच शेपटी हलवली.

लीलाबाईचा जीव कळवळला. कुणाचं तरी उपाशी पिल्लू आसऱ्याला आलं असेल. उरलेल्या स्वेटरचे आणखी चार मोजे शिवून तिनं जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवले, शेजारी वाटीभर दूधभात.

दुसऱ्या दुपारी नखं वाजली नाहीत. माडीभर मऊ पावलं तेवढी फिरत राहिली.

"आता नाही खराब होत तुमच्या फळ्या," ती फागूला हसत म्हणाली आणि वाटी आणायला वर गेली.

वाटी धुऊन पालथी घातलेली होती. दोन मोजे गेले होते. उरलेले दोन नीट घडी करून शेजारी ठेवले होते.